ठाणे ते खारघर : नणंद-भावजयीची पहिली ट्रायथलॉन

गुरुवार

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग शर्यत, रविवारी सकाळी खारघरमध्ये होती आणि माझ्या थोरल्या नणंदबाई खारघरलाच राहत असल्यामुळे गुरुवारीच त्यांच्याकडे मुक्कामाला जायचे, हे आमचे आधीपासून ठरलेले होते. नौपाड्यातून तिकडे जायला ट्रान्सहार्बर मार्गावरची पनवेल लोकल सर्वांत सोयीची. परंतु सायकल बरोबर न्यायची होती, आणि शर्यतीच्या तीन दिवस आधी पायांना एक सावकाश, लांबचा फेरा मिळणे हिताचेही होते. म्हणून मी सायकलवरूनच जाण्याचे ठरवले. माझे पती महाप्याला नोकरीला आहेत. तिथपर्यंत ते स्कूटरवरून माझ्या मागे राहणार होते.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. कोर्टनाका आणि कळव्याचा पूल ओलांडून विटाव्याला आलो. रेल्वेच्या पुलाखालचा तिथला रस्ता पावसाळ्यात पाण्याने भरतो हे प्रत्येक ठाणेकराला माहीत असते. जानेवारीत मात्र तो कोरडा आणि पहाटेच्या वेळी जवळजवळ मोकळा होता. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी गावे मागे पडत गेली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या अंगाला टीटीसी औद्योगिक वसाहत, तिच्यामागे पारसिकच्या डोंगराची काळी रेघ, आणि मध्ये अवजड वाहनांची कधीच न थांबणारी ये-जा, असा हा रस्ता आहे. सायकलस्वाराला तो आवडण्यासारखा नाही. पण ट्रायथलॉनच्या सरावात एक गोष्ट मी मनापासून शिकले होते : वेग एकसारखा ठेवायचा, पायडल मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी वेळा फिरतील इतका हलका गिअर ठेवायचा आणि मांड्यांतली ताकद पुढच्या धावण्यासाठी राखून ठेवायची. गर्दीच्या रस्त्यावर हे भान सांभाळता आले तर मोकळ्या रस्त्यावर ते आपोआप सांभाळले जाते.

महाप्याला पतींचा निरोप घेऊन मी वाशीकडे वळले आणि पाम बीच मार्गाला लागले तेव्हा चांगले उजाडले होते. वाशीपासून बेलापूरपर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा हा रस्ता नवी मुंबईतल्या सायकलस्वारांना फार प्रिय आहे, कारण सिग्नल मोजके आहेत आणि उजव्या हाताला बराच वेळ खारफुटीची सोबत असते. नेरुळजवळच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचा एक थवा उथळ पाण्यात चोची बुडवून चरत होता. ठाणे खाडीतल्या रोहित अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, त्याचे कारण असे रस्त्यावरून जाता जाता दिसते याचे मला फार अप्रूप वाटले, आणि मी पाच मिनिटे थांबले. पुढे महापालिकेच्या मुख्यालयाची घुमटाकार इमारत, बेलापूर, आणि मग महामार्गाचा थोडा त्रासदायक तुकडा ओलांडून खारघर.

ताई दारातच उभ्या होत्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना दहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मी येऊरच्या चढावर सायकल चालवते हे त्यांनी ऐकले होते आणि त्यांना पोहता येते हे मला ठाऊक होते. दोघींनी मिळून ट्रायथलॉन करावी ही कल्पना मात्र त्यांच्या मुलीची. भाचीने ती मांडली तेव्हा ताईंनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो : “रिलेमध्ये नाही ना? पूर्ण करायची असेल तर मी येते.”

शुक्रवार

आमची शर्यत स्प्रिंट अंतराची होती, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, हे सारे सलग, मध्ये घड्याळ न थांबवता. ऑलिंपिकमध्ये होणाऱ्या शर्यतीच्या बरोबर निम्मे हे अंतर आहे. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा ती १५०० मीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर अशी होती आणि वैयक्तिक शर्यतीसाठी आजही तशीच आहे. नवशिक्यांनी स्प्रिंटपासून सुरुवात करावी हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला योग्यच आहे, परंतु स्प्रिंट या नावावरून ती थोडक्यात आटोपणारी शर्यत आहे असे कोणी समजू नये. आमच्यासारख्यांना तिला दोन तास लागतात.

सकाळी आम्ही तरणतलावावर गेलो. ताईंचे पोहणे पाहत राहावे असे आहे. आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, मामाच्या धाकात त्या लहानपणी शिकल्या. डोके वर ठेवून त्या छातीवर पोहतात आणि त्यांच्या हालचालीत घाई कुठेही नसते. ट्रायथलॉनमध्ये कोणत्याही पद्धतीने पोहायला परवानगी असते, त्यामुळे प्रशिक्षकांनी त्यांची पद्धत बदलण्याचा आग्रह धरला नाही, आणि ते मला फार शहाणपणाचे वाटले. मी ठाण्यात चाळिशीनंतर शिकलेले फ्रीस्टाइल पुस्तकाप्रमाणे आहे; तरीही दहाव्या फेऱ्यानंतर माझा श्वास अपुरा पडू लागतो आणि ताईंचा पडत नाही. पाण्यात भीती नसणे ही पोहण्यातली निम्मी ताकद आहे. ती लहान वयात मिळाली तर जन्मभर टिकते, असे त्यांच्याकडे पाहून माझे मत झाले आहे.

दुपारी ताईंच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ईसीजी आणि इतर तपासण्या आधीच झाल्या होत्या. आज प्रश्न फक्त रविवारच्या गोळ्यांचा होता. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम व्यायाम संपल्यावरही बराच काळ टिकतो. त्यामुळे साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या दीर्घ व्यायामाच्या दिवशी नेहमीच्या मात्रेत घेतल्या तर ती गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी सकाळची एक गोळी बदलून दिली आणि ग्लुकोजची पूड खिशात ठेवायला सांगितली. हात थरथरणे, घाम सुटणे, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले तर थांबायचे, हे त्यांनी ताईंकडून दोनदा वदवून घेतले. मी हे सगळे वहीत लिहून घेतले. ज्यांना मधुमेह आहे आणि ज्यांना असे काही करावेसे वाटते, त्यांनी या भेटीशिवाय सराव सुरूदेखील करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

शनिवार

बिब, म्हणजे स्पर्धकाचा क्रमांक छापलेला कागद, घ्यायला आणि नियमांची माहिती ऐकायला दुपारी बोलावले होते. खारघरचे रुंद रस्ते, डोक्यावरून जाणारी मेट्रो आणि मागे उभा असलेला डोंगर यांमुळे हा परिसर अशा स्पर्धेसाठीच आखला असावा असे वाटते. सायकलचा मार्ग पाच किलोमीटरच्या चार फेऱ्यांचा होता, तर धावण्याच्या मार्गावर अडीच किलोमीटरचा जाऊन-येऊन फेरा दोनदा घ्यायचा होता.

ट्रान्झिशन, म्हणजे सायकली लावून ठेवण्याची आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्याची जागा, मी प्रथमच पाहिली. तिथले नियम कडक आहेत आणि सगळे सुरक्षिततेसाठी आहेत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आखलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच सायकलवर बसायचे आणि परत येताना रेषेच्या अलीकडेच उतरायचे. आपले सामान आपल्याच जागेत ठेवायचे. सायकल चालवताना पुढच्या स्पर्धकापासून दहा मीटर अंतर राखायचे. त्या अंतराच्या आत शिरलात तर वीस सेकंदांत पुढे निघून जायचे, आणि जो मागे पडला त्याने पुन्हा अंतर वाढवायचे. पुढच्या सायकलमागे हवेचा अवरोध कमी होतो आणि मागच्याची बरीच शक्ती वाचते, म्हणून हा नियम आहे. ऑलिंपिकच्या शर्यतीत मागे चिकटून चालवायला परवानगी असते, आमच्यासारख्यांच्या शर्यतीत नसते.

माझ्या मनात तोपर्यंत एक चित्र पक्के होते : मी ताईंच्या शेजारी किंवा थोडी मागे सायकल चालवीन, त्यांच्यावर लक्ष ठेवीन आणि दोघी हात धरून शेवटची रेषा ओलांडू. दहा मीटरच्या नियमाने त्यातला पहिला भाग मिटवला. दुसरा भाग मुख्य पंचांच्या पुढच्या वाक्याने मिटला. हात धरून, ठरवून बरोबरीने शर्यत संपवायलाही आमच्या नियमावलीत मनाई होती, आणि कारण म्हणून त्यांनी २०१९ मधले उदाहरण दिले. टोकियो ऑलिंपिकच्या चाचणी शर्यतीत जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राऊन या दोघी ब्रिटिश खेळाडू सर्वांच्या पुढे होत्या. त्यांनी हात धरून रेषा ओलांडली आणि दोघीही बाद ठरल्या. ट्रायथलॉन ही एकट्याची शर्यत आहे, असे सांगून पंच पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. घरी आल्यावर भाचीने ब्रिटिश ट्रायथलॉनपटू ब्राऊनली बंधूंचे चित्रण दाखवले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेल इथे धाकटा जॉनथन अखेरच्या टप्प्यात उष्म्याने भेलकांडू लागला, तेव्हा ॲलिस्टरने स्वतःची जिंकण्याची संधी सोडून त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला शेवटपर्यंत आणले आणि रेषेपाशी पुढे ढकलले. जॉनथन दुसरा आला, ॲलिस्टर तिसरा. दोन वेळा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाने भावासाठी असे करावे, हे पाहताना माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, “ताई, तुम्हाला काही झाले तर मीही असेच करीन, मग बाद ठरवले तरी चालेल.”

ताईंनी फोन बाजूला ठेवला. “मला काही झाले तर जरूर थांब,” त्या म्हणाल्या. “पण काही झालेले नसताना माझ्यासाठी थांबू नकोस. तू मागे वळून बघत राहिलीस, तर मी तुला उशीर करते आहे एवढाच विचार माझ्या डोक्यात राहील. मला माझी शर्यत करू दे.”

रात्री मऊ भात, तूप, मेतकूट आणि थोडे ताक एवढेच जेवलो. तंतुमय आणि तेलकट पदार्थ आदल्या रात्री टाळलेले बरे असतात. त्यानंतर बराच वेळ मला झोप लागली नाही, कारण ताईंचे म्हणणे पटले होते आणि मनाला ते स्वीकारायला वेळ लागत होता.

रविवार

साडेचारला उठून ताईंनी साखर तपासली, दोघींनी पुन्हा थोडा भात आणि एकेक केळे खाल्ले, आणि सहाच्या आत आम्ही ट्रान्झिशनमध्ये पोहोचलो. दंडावर आणि पोटरीवर शाईने क्रमांक लिहून दिले गेले, डाव्या घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधली. सायकलच्या हँडलवर हेल्मेट उलटे ठेवले, त्यात गॉगल आणि बिबचा पट्टा, खाली बूट आणि त्यांत मोजे. ताईंनी त्यांच्या पट्ट्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवली आणि मला दाखवली.

महिलांची तुकडी पावणेसातला दिव्यांच्या उजेडात पाण्यात उतरली. पंचवीस मीटरचा तलाव आणि तीस लांब्या. पहिल्या चार-पाच लांब्यांत सगळ्यांचे हात-पाय एकमेकींना लागत होते आणि माझा श्वास लगेच उथळ झाला. अशा वेळी वेग कमी करून श्वास पूर्ण बाहेर सोडणे हा एकच उपाय असतो. आत घेण्याची घाई केली की छाती भरलेलीच राहते आणि धाप वाढते. मी पाण्यात बुडबुडे सोडत, ते मनात मोजत पोहत राहिले. आठव्या लांबीच्या सुमारास लय सापडली. त्याच वेळी शेजारच्या रांगेतून ताईंचे वर काढलेले डोके, संथपणे, पण माझ्यापेक्षा नक्कीच वेगाने पुढे गेले. मी पाण्याबाहेर आले तेव्हा सव्वीस मिनिटे झाली होती आणि ताईंच्या जागेवर सायकल नव्हती.

बाहेर आता ऊन पडू लागले होते, डोंगराची कड उजळली होती. ओल्या अंगाला सायकलवरचा वारा बोचत होता, पण हा माझा प्रकार होता आणि इथे मला प्रत्येक मिनिट आनंदाचे गेले. रस्ता मोकळा, वळणांवर शिट्टी वाजवणारे स्वयंसेवक, आणि पदपथावर सकाळच्या फेरीला आलेली माणसे थांबून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या फेरीत एका लांब सरळ रस्त्यावर ताईंची पाठ दिसली. तिसऱ्या फेरीच्या अखेरीस मी त्यांना गाठले.

गाठल्यावर मला काय करता येईल, याचा विचार मी त्या अख्ख्या फेरीत करत होते. वीस सेकंद होते. मी उजवीकडून त्यांच्या बरोबरीला आले आणि विचारले, “ताई, पाणी?” त्यांनी पुढेच बघत उत्तर दिले, “घेतले. हात स्थिर आहेत. तू जा.” त्यांचा चेहरा मी तेवढ्यात पाहिला. लाल झालेला, घामाने भिजलेला, आणि पूर्ण एकाग्र. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांना मी सणावारांना, आजारपणात, अडीअडचणीला पाहिले आहे. नेहमी त्या दुसऱ्या कोणासाठी तरी काहीतरी करत असतात. स्वतःच्या कामात एवढ्या गढलेल्या मी त्यांना प्रथमच पाहिले. मी गिअर बदलला आणि पुढे निघून गेले.

सायकल ठेवून धावू लागले तेव्हा सरावात अनेकदा अनुभवलेली गोष्ट पुन्हा झाली. पाय आपले नाहीत असे वाटते. सायकलवर कंबर वाकलेली असते, मांडीचे स्नायू ठरावीक कक्षेत गोल फिरत असतात आणि शरीराचा भार खोगिरावर असतो. धावताना तोच भार एकेका पायावर पडू लागतो आणि स्नायूंना ताणाची नवी रीत पकडायला काही मिनिटे लागतात. म्हणूनच सरावात सायकलनंतर लगेच थोडे धावतात. त्याला ब्रिक म्हणतात. पहिला किलोमीटर छोटी, झटपट पावले टाकत काढायचा आणि वेगाकडे बघायचे नाही, हे मी पाळले आणि दुसऱ्या किलोमीटरला पाय परत आले.

मार्ग जाऊन-येऊन असल्यामुळे ताई मला तीनदा समोरून भेटल्या. पहिल्यांदा त्यांनी हात वर केला. दुसऱ्यांदा त्या चालत होत्या, पण ते ठरलेलेच होते : चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. तिसऱ्यांदाही त्या चालत होत्या, आणि या वेळी त्यांचा हात बरगडीखाली दाबलेला होता. मी वेग कमी केला. त्यांनी ते लगेच ओळखले आणि रस्त्याच्या पलीकडून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “कळ आली आहे. बाकी ठीक. पळ.” त्यांचे शब्द अडखळले नव्हते, नजर माझ्यावर नीट होती, पावले सरळ पडत होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणांपैकी एकही नव्हती. मी वेग वाढवला. उरलेले अंतर मी त्यांचा शब्द पाळण्यासाठी पळाले आणि रेषा एकटीने ओलांडली, तेव्हा घड्याळात एक तास सत्तावन्न मिनिटे झाली होती.

शर्यत संपवलेल्या स्पर्धकाने पुन्हा मार्गावर जाऊन दुसऱ्याला सोबत करणे ही बाहेरची मदत ठरते, म्हणून मी कठड्याच्या बाहेर, पती, भाची आणि भावोजी उभे होते तिथे गेले. भावोजी एरवी मितभाषी आहेत. ते घड्याळ आणि वळण यांकडे आळीपाळीने बघत होते आणि कोणाशी बोलत नव्हते. सात मिनिटांनी वळणावर ताई दिसल्या. धावत होत्या. भाचीने “आई!” अशी हाक मारली तशी आजूबाजूच्या अनोळखी माणसांनीही टाळ्यांचा कडकडाट केला, आणि ताईंनी शेवटचे शंभर मीटर वेग वाढवून, दोन्ही हात मोकळे सोडून रेषा ओलांडली. त्यांच्यापुढे कोणी नव्हते, मागेही कोणी जवळ नव्हते. ते सगळे अंतर त्यांचे एकटीचे होते. मी त्यांचा हात धरून तिथे असते तर हे दृश्य झालेच नसते, हे मला त्या क्षणी कळले आणि पंचांच्या नियमाबद्दलची माझी नाराजी संपली.

साखर तपासली, ११२ भरली. दहा मिनिटे चालून, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पिऊन झाल्यावर ताईंनी प्रथम मला जवळ घेतले आणि मग निकालाचा कागद मागितला. पन्नाशीपुढच्या महिलांच्या गटात चौघी होत्या. ताई दुसऱ्या आल्या, आणि पोहण्यात त्या चौघींमध्ये पहिल्या. भावोजींनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दिवसभर प्रत्येक फोनवर त्यातले आकडे वाचून दाखवले.

सोमवार

दोघींच्या मांड्या दुखत होत्या आणि जिना उतरताना कठडा धरावा लागत होता, परंतु पाण्यात शरीर हलके होते, म्हणून ताईंनी मला सकाळी तलावावर नेले. निकालाच्या कागदावरून त्यांनी एक गोष्ट हेरली होती : त्यांच्यापेक्षा माझी पाच मिनिटे पाण्यात जास्त जातात. त्यांनी मला काठ धरायला लावून पाय मारायला सांगितले आणि गुडघे फार वाकतात हे दाखवून दिले. पाय मांडीपासून हलवायचे, टाचा पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवायच्या आणि जोर कमी लावायचा, हे मी अर्धा तास करत राहिले. मग त्यांना मी विचारले की पुढच्या वेळी ऑलिंपिकचे अंतर घ्यायचे का. त्या म्हणाल्या, आधी हेच अंतर पुन्हा घेऊ. त्यांना पाच किलोमीटर न चालता पळायचे आहेत, आणि मला पाण्यातून त्यांच्या बरोबरीने बाहेर यायचे आहे. पावसाळा संपला की असलेल्या पहिल्या स्पर्धेसाठी भाचीने दुपारी दोघींची नावे नोंदवली.